क्रमांक ६०६८२४ : गांधीहत्येतलं पिस्तूल, चौथी गोळी आणि ग्वाल्हेरचा तुटलेला दुवा

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात नथुराम गोडसेने ज्या पिस्तुलातून महात्मा गांधींवर गोळ्या झाडल्या, त्याचा क्रमांक ६०६८२४. ते इटलीच्या बेरेटा कंपनीचं, मॉडेल १९३४ चं, नळीचा व्यास ९ मिलिमीटर. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही. पिस्तूल मारेकऱ्याच्या हातातून जागेवरच काढून घेतलं गेलं आणि पुढे लाल किल्ल्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून ठेवलं गेलं.

तरीही पंचाहत्तरहून जास्त वर्षं या हत्याराभोवती वाद चालू आहे. खरं तर ते दोन निराळे वाद आहेत आणि बोलताना लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला असा की गांधीजींना लागलेल्या सगळ्या गोळ्या याच पिस्तुलाच्या होत्या का, की आणखी एक गोळी दुसऱ्या कुणीतरी झाडली. दुसरा असा की हे पिस्तूल गोडसेच्या हातात आलं कसं. पहिल्या वादावर गेल्या काही वर्षांत भरपूर शाई आणि त्याहून जास्त मोबाइल डेटा खर्च झाला. दुसऱ्या वादाचं मूळ आमच्या ग्वाल्हेरात आहे, आणि त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझं मत आधीच सांगतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदपत्रांत आहे. दुसऱ्याचं अर्धंच आहे. चौथ्या गोळीच्या गदारोळात हा खरा अनुत्तरित प्रश्न झाकला गेला.

हा लेख बंदुकीतलं काहीही न कळणाऱ्या वाचकासाठी आहे, म्हणून आधी यंत्राकडे पाहू.

पिस्तूल कसं चालतं

बेरेटा १९३४ हे लहान, आटोपशीर पिस्तूल. दुसऱ्या महायुद्धात ते इटालियन लष्करी अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं. मुठीच्या पोकळीत मॅगझिन बसतं आणि त्यात सात काडतुसं मावतात. चाप ओढला की घोडा पडतो, काडतुसाच्या बुडाला टोचणी बसते, आतली दारू पेटते आणि गोळी नळीतून बाहेर पडते. त्याच स्फोटाचा रेटा मागच्या बाजूलाही बसतो. त्या रेट्याने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवं काडतूस नळीच्या मागच्या टोकात नेऊन बसवतो. पुढच्या गोळीसाठी फक्त पुन्हा चाप ओढायचा. त्या काळच्या कागदांत याला ‘ऑटोमॅटिक पिस्तूल’ म्हटलेलं आढळतं. त्यावरून मशीनगनसारखा गोळ्यांचा वर्षाव डोळ्यांपुढे आणायचं कारण नाही. एका वेळी चाप ओढला की एकच गोळी सुटते.

रिव्हॉल्वरची रचना वेगळी. त्यात फिरणारं दंडगोल असतं, काडतुसं त्याच्या कप्प्यांत बसतात, आणि गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी तिथल्या तिथेच राहते. माणूस हाताने काढेपर्यंत ती बाहेर पडत नाही. हा फरक तपासात फार मोलाचा असतो. बिर्ला भवनाच्या हिरवळीवर रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या, म्हणजे तिथे पिस्तूल चाललं हे उघड होतं. उलट बाजूने पाहिलं तर दुसऱ्या कुणी रिव्हॉल्वर झाडलं असतं तर त्याची पुंगळी मागे राहिली नसती. चौथ्या गोळीचे समर्थक कधी कधी या दुसऱ्या शक्यतेचा आधार घेतात. तिचा विचार पुढे करू.

आकड्यांचा एक घोळही इथेच निस्तरतो. बेरेटाच्या काडतुसाला इटलीत ‘९ मिलिमीटर कोर्तो’ म्हणतात, म्हणजे आखूड. इंग्रजी मापात तेच ‘पॉइंट ३८०’. पण ब्रिटिश फौजेच्या रिव्हॉल्वरचं काडतूसही ‘पॉइंट ३८०’ याच नावाने ओळखलं जायचं, आणि बोलताना त्याला ‘अडतीस बोअर’ म्हणत. दोन्ही काडतुसं वेगळी आहेत, एकमेकांच्या हत्यारात चालत नाहीत, पण कागदावर आकडा सारखा दिसतो. शिवाय या कटातल्या मंडळींकडे आधी अडतीसचं रिव्हॉल्वर खरोखरच होतं. त्यामुळे जुन्या वर्णनांत कुठे पिस्तूल, कुठे रिव्हॉल्वर, कुठे अडतीस, कुठे नऊ मिलिमीटर असं वाचून माणूस गोंधळतो, आणि मग त्याला ‘विसंगती’ सापडल्यासारखं वाटतं. यातल्या बऱ्याच विसंगती बातमीदारांच्या घाईतून आल्या आहेत.

आधीची हत्यारं निकामी निघाली

पिस्तुलाची शोधाशोध करायची वेळ का आली, ते समजण्यासाठी दहा दिवस मागे जायला हवं. २० जानेवारी १९४८ ला याच बिर्ला भवनात पहिला प्रयत्न झाला. मदनलाल पाहवाने प्रार्थनासभेजवळ गन-कॉटन या स्फोटकाचा स्फोट घडवला. त्या गोंधळात बाकीच्यांनी गांधीजींवर हल्ला करायचा असा बेत होता, तो फसला आणि मदनलाल पकडला गेला. पुण्यात हत्यारं विकणारा दिगंबर बडगे पुढे माफीचा साक्षीदार झाला. त्याच्या साक्षीप्रमाणे त्या दिवशी सकाळी हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत रिव्हॉल्वरांची चाचणी घेतली गेली. एकाचं दंडगोल फिरेना, दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोहोचेना.

फसलेल्या प्रयत्नानंतर नथुराम गोडसे आणि कटातला त्याचा साथीदार नारायण आपटे यांना भरवशाचं हत्यार हवं होतं. मुंबईत खटपट करून ते मिळालं नाही. २७ जानेवारीला दोघे खोटी नावं घेऊन विमानाने मुंबईहून दिल्लीला आले आणि त्याच दिवशी रेल्वेने निघून रात्री ग्वाल्हेरला उतरले. २८ च्या रात्री ग्वाल्हेर सोडलं, २९ ला पुन्हा दिल्ली. ३० ला संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी गांधीजी कोसळले.

हेच पिस्तूल होतं, हे कशावरून

नळीच्या आतली बाजू गुळगुळीत नसते. गोळीला फिरकी मिळावी म्हणून आत पिळाचे खाचे कोरलेले असतात. खाचे कोरणारं पातं दर नळीसोबत थोडं झिजतं, पुढे वापराने नळीत आणखी बारीक ओरखडे पडतात. चकलीच्या सोऱ्याच्या चकतीला एका जागी खरखरीत दात राहिला तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक चकलीवर त्याच जागी ओळ उमटते, तसंच काहीसं गोळीचं होतं. पुंगळी तर जास्तच बोलकी. तिच्या बुडावर टोचणीचा खड्डा असतो, मागच्या पोलादी भिंतीचा ठसा असतो, तिला ओढून बाहेर फेकणाऱ्या आकड्याचे ओरखडे असतात. हे सगळं त्या एका हत्याराचं असतं. तपासणारा त्या पिस्तुलातून नवी काडतुसं झाडतो आणि जुन्या-नव्या खुणा तुलना करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

१९४८ मध्ये हे शास्त्र भारतात नवखं होतं, पण अजिबात नव्हतं असं नाही. पूर्व पंजाबातल्या फिल्लौर इथल्या पोलीस प्रयोगशाळेत पिस्तूल आणि घटनास्थळावरचा मुद्देमाल तपासला गेला आणि तिथल्या तज्ज्ञाने न्यायालयात साक्ष दिली. जोडीला प्रत्यक्ष पाहणारी माणसं होती, रंगेहाथ पकडलेला आरोपी होता, आणि गोळ्या आपणच झाडल्या हे त्याने भर न्यायालयात मान्य केलं होतं. हत्येच्या खटल्यात यापेक्षा भक्कम पुरावा क्वचितच असतो. ‘पिस्तूलच बदललं असेल’ असं म्हणणाऱ्याला या सगळ्या गोष्टी एकाच वेळी खोट्या ठरवाव्या लागतात.

चौथी गोळी

चौथ्या गोळीचा मुद्दा नव्याने चर्चेत आला तो न्यायालयातल्या याचिकांमुळे. मुंबईच्या एका संशोधकाने आधी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, ती २०१६ मध्ये फेटाळली गेली. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा तटस्थ वकील, नेमून कागदपत्रं तपासायला सांगितलं. याचिकेचा गाभा सोपा आहे. पिस्तुलात सात काडतुसं मावतात, तीन झाडली गेली, चार पोलिसांना पिस्तुलात जिवंत मिळाली. हिशेब पूर्ण झाला. मग गांधीजींना चार गोळ्या लागल्या असतील तर चौथी या पिस्तुलाची असूच शकत नाही, म्हणजे दुसरा मारेकरी होता. चार गोळ्यांना आधार म्हणून दुसऱ्या दिवशीच्या काही वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि पार्थिवाचं एक छायाचित्र दाखवलं गेलं. यामागे ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेचा हात असावा अशीही शंका मांडली गेली.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण नीट पाहिलं तर हिशेबाची सुरुवातच उलट्या टोकाने झालेली दिसते. सात वजा तीन बरोबर चार, यातून तीनच गोळ्या झाडल्या गेल्याचं सूचित होतं. चौथी गोळी होती हे त्यातून कुठेच निघत नाही. ती आधी दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावी लागते, मग ती कुठून आली हा प्रश्न येतो.

या हिशेबात आणखी एक मेख आहे, आणि ती दोन्ही बाजूंचे लोक विसरतात. मॅगझिन सातचं असलं तरी एक काडतूस नळीच्या मागच्या टोकात चढवून मॅगझिन पुन्हा भरता येतं. म्हणजे पिस्तुलात जास्तीत जास्त आठ काडतुसं राहू शकतात. त्यामुळे उरलेल्या काडतुसांवरून झाडलेल्या गोळ्यांचा आकडा ठाम सांगणं मुळातच कच्चं. तीन म्हणणाऱ्यांनीही केवळ या वजाबाकीवर विसंबू नये, चार म्हणणाऱ्यांनी तर नाहीच.

मग विसंबायचं कशावर? जखमांवर. ३१ जानेवारीच्या सकाळी दिल्लीचे सिव्हिल सर्जन कर्नल तनेजा यांनी पार्थिवाची तपासणी केली. गोळी आत शिरल्याच्या तीन जखमा, छाती आणि पोट मिळून, सगळ्या उजव्या बाजूला. पाठीवर गोळी बाहेर पडल्याच्या दोन जखमा. तीन आत, दोन बाहेर, एक शरीरातच राहिली. हिशेब इथेही जुळतो. तुघलक रोड ठाण्यातली पहिली फिर्याद नंदलाल मेहता या प्रत्यक्षदर्शीची. त्यातही तीनच गोळ्यांचा उल्लेख आहे, आणि ती कुणी काही जुळवाजुळव करायच्या आत, त्याच संध्याकाळी नोंदवली गेली.

छायाचित्रातल्या चार खुणा म्हणजे चार गोळ्या, हा समज सहज होतो आणि तो फसवा आहे. तीन गोळ्यांनी शरीरावर पाच जखमा झाल्या होत्या. कपड्यावरचे डाग आणि सावल्या धरल्या तर जुन्या कृष्णधवल छायाचित्रात खुणांची संख्या काहीही निघू शकते. गोळी आत शिरतानाची जखम आणि बाहेर पडतानाची जखम यांत कडा, आकार, काळसरपणा यांचा फरक असतो, आणि तो शरीर समोर असणाऱ्या डॉक्टरलाच कळतो. वर्तमानपत्रांचं म्हणाल तर त्या रात्री जगभरातल्या कार्यालयांत तारा धडकत होत्या. शेकडो माणसांच्या गर्दीत पाठोपाठ तीन बार झाले, कुणी दोन ऐकले, कुणी चार. मोठ्या धक्क्यात माणसाचं मोजणं चुकतं. गोळ्यांच्या संख्येबद्दल वेगवेगळ्या बातम्या आल्या नसत्या तर उलट मला आश्चर्य वाटलं असतं.

एक उणीव मात्र खरी आहे आणि ती लपवायचं कारण नाही. शवविच्छेदन झालं नाही. बाहेरून तपासणी झाली आणि त्याच दिवशी राजघाटावर अंत्यसंस्कार झाले. शरीरात राहिलेल्या गोळीची इतर गोळ्यांशी शास्त्रीय तुलना व्हायला हवी होती. राष्ट्रपित्याच्या देहाची चिरफाड त्या दिवसांत कुणालाच सहन झाली नसती, हे समजू शकतं. पण संशयाला राहायला जी थोडी जागा मिळाली ती याच दारातून. अर्थात, पुरावा अपुरा असणं वेगळं आणि उलटा पुरावा असणं वेगळं. मघाच्या रिव्हॉल्वरच्या शक्यतेचंही तेच. पुंगळी न सापडणं हा दुसऱ्या हत्याराचा पुरावा कसा होईल? दुसरी बंदूक कुणी पाहिली नाही, दुसरा मारेकरी कुणी पाहिला नाही, चौथी जखम तपासणीत आली नाही.

न्यायमित्रांनी जानेवारी २०१८ मध्ये अहवाल दिला. दुसऱ्या मारेकऱ्याला, चौथ्या गोळीला किंवा परकीय संघटनेच्या हाताला आधार मिळत नाही, फेरतपासाची गरज नाही, असा त्याचा आशय होता. २८ मार्च २०१८ ला न्यायमूर्ती शरद बोबडे आणि न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली.

चौथ्या गोळीची चर्चा करणारे सगळेच लबाड आहेत असं मी म्हणत नाही. काहींना खरंच कुतूहल असतं. पण या चर्चेचा परिणाम काय होतो ते पाहावं. गोळी दुसऱ्याचीच होती असं ठरलं की मारणारा आणि त्याच्यामागचे लोक आपोआप हलके होतात. म्हणून पुराव्याशिवाय ही शंका पसरवणं मला निरुपद्रवी वाटत नाही.

ग्वाल्हेरचे ते चोवीस तास

आता दुसरा प्रश्न. पिस्तूल आलं कुठून?

जानेवारी १९४८ मध्ये ग्वाल्हेर हे शिंद्यांचं संस्थान होतं, जिवाजीराव महाराज गादीवर होते. मध्य भारत राज्य अजून व्हायचं होतं, ते मे महिन्यात झालं. शहराच्या लष्कर नावाच्या भागात मराठी कुटुंबांची दाट वस्ती, आणि तिथेच डॉक्टर दत्तात्रय परचुरे यांचं घर. परचुरे हिंदू महासभेचे स्थानिक पुढारी, हिंदू राष्ट्र सेनेचे प्रमुख. गोडसे आणि आपटे त्यांच्याकडे उतरले, यावर वाद नाही. स्टेशनवरून पाहुण्यांना आणणाऱ्या टांगेवाल्याचीही खटल्यात साक्ष झाली.

फिर्यादी पक्षाची मांडणी अशी होती. पाहुण्यांनी पिस्तूल मागितलं. आधी एक गावठी रिव्हॉल्वर आणलं गेलं, अंगणात चालवून पाहिलं, ते पसंत पडलं नाही. मग परचुऱ्यांच्या वर्तुळातल्या गंगाधर दंडवते याने ग्वाल्हेरातल्याच जगदीशप्रसाद गोयल याच्याकडून हे बेरेटा मिळवलं. सौदा ५०० रुपयांचा. पाहुणे २८ च्या रात्री पिस्तूल घेऊन दिल्लीकडे गेले.

गोडसेने न्यायालयात याला साफ नकार दिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो ग्वाल्हेरला आला होता तो दिल्लीत निदर्शनं करायला स्वयंसेवक मिळावेत म्हणून. परचुऱ्यांनी नकार दिला, तो हात हलवत परतला, आणि पिस्तूल दिल्लीत निर्वासितांच्या छावणीत एकाकडून घेतलं. ही गोष्ट त्या काळच्या दिल्लीत अशक्य नव्हती. फाळणीनंतरच्या त्या महिन्यांत छावण्यांतून हत्यारं फिरत होती. पण विकणाऱ्याचं नाव नाही, साक्षीदार नाही, आणि सांगणाऱ्याला आपल्या माणसांना वाचवायचं उघड कारण आहे. मला स्वतःला ग्वाल्हेरची मांडणी जास्त पटते. जिवावर उदार होऊन निघालेला माणूस दिल्लीहून रात्री ग्वाल्हेरला येतो, एक दिवस थांबतो, परततो आणि दुसऱ्या दिवशी नेम साधतो. हे सगळं स्वयंसेवकांसाठी?

पण मला पटणं आणि कायद्याने शाबीत होणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे. परचुऱ्यांना फेब्रुवारीत अटक झाली. दंडाधिकाऱ्यासमोर त्यांचा कबुलीजबाब नोंदवला गेला आणि नंतर त्यांनी तो नाकारला. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल दिला, त्यात परचुऱ्यांना जन्मठेप झाली. त्याच वर्षी जूनमध्ये सिमल्याला भरलेल्या पंजाब उच्च न्यायालयाने अपिलात त्यांना निर्दोष सोडलं. त्यामुळे पिस्तूल ग्वाल्हेरात परचुऱ्यांमार्फत मिळालं, हे विधान कायद्याच्या कसोटीवर टिकलं नाही. त्याच न्यायालयाने गोडसे आणि आपटे यांची फाशी कायम ठेवली. ती १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात दिली गेली.

एखाद्या माणसाची सुटका झाली म्हणजे त्याच्याबद्दलची गोष्ट खोटी ठरली असं होत नाही, आणि खरी आहे असं म्हणायचा अधिकारही आपल्याला उरत नाही. आमच्या गावात या मुद्द्यावर दोन टोकं दिसतात. काही जण ‘डॉक्टर निर्दोष सुटले, विषय संपला’ म्हणून पिस्तुलाचा उल्लेखही टाळतात. काही जण त्या पिस्तुलाचा चक्क अभिमान बाळगतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये हिंदू महासभेने इथे आपल्या कार्यालयात गोडसेचा पुतळा बसवला, प्रशासनाने तो हलवला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नावाची ‘ज्ञानशाळा’ उघडली, ती दोनच दिवसांत बंद पडली. या अभिमानाने मला चीड येते. एका निःशस्त्र, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, प्रार्थनेला निघालेल्या माणसाला मारणारं हत्यार आपल्या गावातून गेलं असेल तर त्यात मिरवण्यासारखं काय आहे?

इटलीहून ग्वाल्हेरपर्यंत

पिस्तुलाच्या आधीच्या प्रवासाबद्दल एक कथा नेहमी सांगितली जाते. मुसोलिनीच्या फौजेतला एक अधिकारी हे पिस्तूल घेऊन ॲबिसिनियात लढला, तिथे शरण आला, आणि ग्वाल्हेरच्या पलटणीतल्या एका अधिकाऱ्याने ते युद्धातली निशाणी म्हणून घरी आणलं. कथेची पार्श्वभूमी खरी आहे. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत भारतीय तुकड्या इटालियनांशी लढल्या, केरेनची लढाई त्यातलीच. मे महिन्यात इटलीचा तिथला सरसेनापती अंबा अलागीला शरण आला. हजारो इटालियन सैनिकांची हत्यारं विजेत्यांच्या हाती पडली, आणि अधिकाऱ्यांची छोटी पिस्तुलं खिशात घालून आणायला सोयीची असत.

पण पार्श्वभूमी खरी असली म्हणून हे विशिष्ट पिस्तूल त्याच वाटेने आलं असं होत नाही. क्रमांक ६०६८२४ आपल्याला हत्याराच्या जन्माबद्दल सांगतो, कारखान्यातून ते कोणत्या मालिकेत निघालं ते सांगतो. त्यापुढे तो मुका आहे. भारतात परवान्याने घेतलेलं हत्यार नोंदवहीत चढतं, मालक बदलला तर तीही नोंद होते. युद्धातून निशाणी म्हणून आलेलं पिस्तूल नोंदलं गेलं नाही तर क्रमांक असून नसल्यासारखा. फिर्यादी पक्षाच्या मांडणीतही साखळी गोयलपासून सुरू होते. त्याच्या आधी कोण, याला ठाम उत्तर नाही. म्हणून पलटणीतल्या अधिकाऱ्याचं नाव घेऊन ही कथा सांगणाऱ्यांनी थोडं थांबावं असं मला वाटतं. त्या नावामागे एक कुटुंब असतं, आणि पुरावा नसताना त्याच्या माथी हे मारणं अन्याय आहे.

जे तिघे हाती लागले नाहीत

लाल किल्ल्यात नऊ आरोपी पिंजऱ्यात होते. आरोपपत्रात आणखी तिघांना फरारी दाखवलं होतं : गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा. तिघेही ग्वाल्हेरचे. पिस्तुलाच्या प्रवासाचा अखेरचा टप्पा ज्याच्या हातून गेला असं फिर्यादी पक्ष म्हणत होता, तो दंडवतेच न्यायालयापुढे उभा राहिला नाही. १४९ साक्षीदार तपासले गेले, पण ज्या एका माणसाची उलटतपासणी झाल्याने ग्वाल्हेरचा दुवा पक्का तरी झाला असता किंवा तुटला तरी असता, त्याची झाली नाही. परचुऱ्यांवरचा खटला अपिलात लंगडा पडण्याचं हेही एक कारण असावं, असा माझा अंदाज आहे.

१९६६ ते १९६९ या काळात न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने पुन्हा चौकशी केली. पण आयोगाला सोपवलेला प्रश्न वेगळा होता. कटाची आधी माहिती कुणाकुणाला होती, ती सरकारपर्यंत पोहोचली का, आणि सरकारने काय केलं. फरारी तिघांवर खटला चालवणं हे आयोगाचं काम नव्हतं.

२०१७ मध्ये ओडिशातल्या एका संशोधकाने माहिती अधिकारात नेमकं हेच विचारलं. तिघे फरारी आरोपी का पकडले गेले नाहीत आणि कागदपत्रं कुठे आहेत. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगापर्यंत गेलं. पोलिसांनी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे बोट दाखवलं. हत्येचे उपलब्ध कागद लोकांना सहज पाहता यावेत असा आयोगाच्या आदेशाचा रोख होता.

ज्यांना या विषयात खरंच काम करायचं आहे, त्या ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी अभ्यासकांना एक सुचवावंसं वाटतं. दिल्लीतल्या इंग्रजी-हिंदी कागदांत आपली आडनावं ओळखू येत नाहीत इतकी बदलली आहेत. दंडवते कुठे ‘दहावते’ झाले आहेत, जाधव कुठे ‘यादव’. शोध घेताना सगळी रूपं तपासावी लागतील. शिवाय सगळे कागद दिल्लीतच असतील असंही नाही. घटना घडली तेव्हा ग्वाल्हेर संस्थानाचे स्वतःचे पोलीस होते, चार महिन्यांत ते खातं मध्य भारतात गेलं, आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात. गोयलकडे ते पिस्तूल कुणी दिलं याची एखादी नोंद शिल्लक असेल तर ती या तिन्ही राजवटींच्या दप्तरांपैकी कुठेतरी असेल. ती शोधायला लागणारी मराठी, मोडी आणि हिंदी येणारी माणसं आमच्या गावात अजून आहेत.